अकरा नंबरची नळी

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता अकरा नंबरच्या नळीने सहाव्यांदा दगा दिला.

मशीनच्या पडद्यावर बारा रेघा होत्या. अकरा रेघा तळाशी शहाण्यासारख्या आडव्या पडून होत्या. उरलेली एक मात्र एकतिसाव्या फेरीपर्यंत त्यांच्यातच निजून राहिली आणि मग कुणीतरी नाव पुकारल्यासारखी उठून सरळ वर निघाली. टेगनने ती कुणाची ते पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

"पुन्हा?" मागून कॉलिनने विचारलं. कॉलिन प्रयोगशाळेचा व्यवस्थापक होता. वय सत्तावन्न. पांढऱ्या कोटाला इस्त्री करणारा होबार्टमधला बहुधा एकमेव माणूस.

"पुन्हा."

"सकाळी काय खाऊन येतेस तू?"

"टोस्ट."

"हात धुतेस?"

"कॉलिन, टोस्टला कॅन्सर नसतो."

"टोस्टला नसतो. पण अकरा नंबरलाही नसतो. तरी तुझ्या हाताखालून गेला की होतो. याचा अर्थ मी काय लावू?"

टेगनने निकाल छापायला टाकला. ती सव्वीस वर्षांची संशोधन सहायक होती, आणि तिचा करार डिसेंबरपर्यंतचा होता.

काम सांगायला सोपं होतं. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ वाढू लागली की तिच्या मेलेल्या पेशींमधले डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. त्या तुकड्यांवर एक विशिष्ट खूण असते. ती खूण रक्ताच्या एका नळीत सापडली, तर माणसाला काही त्रास होण्याआधीच रोग पकडता येईल. प्राध्यापक वेंडी गेली चार वर्षं या एका खुणेच्या मागे होती. मशीन त्या तुकड्यांच्या फेरीफेरीने प्रती काढतं आणि खूण असली की रेघ वर जाते; बऱ्याच रोग्यांच्या रक्तात ती वर जायची, हे सिद्ध झालं होतं. आता निरोगी माणसांच्या रक्तात ती वर जात नाही, एवढंच दाखवायचं राहिलं होतं.

त्यासाठी निरोगी माणसं लागतात. या धंद्यात निरोगी माणसं शोधायला कुणी लांब जात नाही. ती चहाच्या खोलीत सापडतात. फेब्रुवारीत संशोधन परिचारिका नोएलीन तळमजल्यावर ट्रे मांडून बसली होती आणि दारावर पाटी होती: 'रक्त द्या, लॅमिंग्टन घ्या.' इमारतीतल्या बारा जणांनी रक्त दिलं आणि खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा केक खाल्ला. त्यांत टेगन होती, कॉलिन होता, तिसऱ्या मजल्यावर उंदीर सांभाळणारा ब्रेट होता. निरोगी म्हणजे काय, तर नोएलीनने "बरं आहे ना सगळं?" असं विचारल्यावर जो "हो" म्हणाला तो. नळ्यांवर फक्त नंबर घातले. कुठला नंबर कुणाचा, ते एका वहीत लिहिलं, आणि ती वही नोएलीनच्या लोखंडी कपाटात गेली. किल्लीही तिच्याकडेच. नियम तसाच होता.

अकरा नंबरने पहिल्यांदा गडबड केली तेव्हा कॉलिनने पाणी बदललं. दुसऱ्यांदा केली तेव्हा सगळ्या पिपेटी तपासायला मेलबर्नला पाठवल्या. तिसऱ्यांदा संशय टेगनच्या केसांवर गेला. तिला टोपी, दुहेरी हातमोजे आणि, दाढी नसताना, दाढीची जाळी घालावी लागली. चौथ्यांदा कॉलिनने "बाजूला हो" म्हणून स्वतः प्रयोग केला. रेघ वर गेली. त्याने दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि वातानुकूलन बंद करवलं. पाचवा प्रयोग ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, थंडीत, अंगात दोन स्वेटर घालून झाला. सहाव्यासाठी शीतपेटीच्या तळातून अकरा नंबरची न उघडलेली नवी नळी काढली होती.

दहा वाजता वेंडी आली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

"बाद करू अकराला," ती म्हणाली. "बारातला एक गळाला तर चालतो. तशी तरतूद आहे."

"मी तिसऱ्या आठवड्यातच म्हणत होतो," कॉलिन म्हणाला. "टेगन, लिही नोंदवहीत. नमुना क्रमांक अकरा, बाद. कारण, नमुना खराब."

टेगनने पेन उचललं. 'नमुना क्रमांक अकरा' एवढं लिहिलं. मग तिचा हात थांबला.

"नळी खराब नसेल तर?"

"म्हणजे?"

"माणूस खराब असेल तर?"

सहा आठवडे त्यांनी पाण्यावर संशय घेतला होता, हवेवर घेतला होता, प्लास्टिकवर, काचेवर आणि टेगनच्या टोस्टवर घेतला होता. जी टेस्ट बनवण्यात चार वर्षं गेली ती कदाचित बरोबर सांगत असेल, हा संशय मात्र कुणाच्याही मनाला शिवला नव्हता.

"बाराच्या बारा जण रक्त द्यायला धडधाकट चालत आले होते," कॉलिन म्हणाला.

"माझे बाबा मॅरेथॉन पळायचे," टेगन म्हणाली. "आतड्याचा हाच रोग कळला त्याच्या आदल्या महिन्यातही पळाले. सत्तेचाळीस वर्षांचे होते."

वेंडीने कपाळावर हात ठेवला. "संमतीपत्र काढ, कॉलिन."

संमतीपत्र कॉलिननेच लिहिलं होतं, आणि त्याच्या सगळ्या लिखाणासारखं ते पक्कं होतं. चौथं कलम असं होतं: ही टेस्ट प्रायोगिक असल्याने निकाल काहीही आला तरी तो दात्याला कळवला जाणार नाही, व दात्याची ओळख संशोधकांना सांगितली जाणार नाही. सह्या झालेल्या बारा प्रती नोएलीनच्या कपाटात होत्या.

"हे बदलायचं तर नैतिकता समितीकडे जावं लागेल," वेंडी म्हणाली. "त्यांची बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे."

"म्हणजे पाच आठवडे," टेगन म्हणाली. "आणि इथे खाली चहाच्या खोलीत कुणीतरी गाठ घेऊन बिस्किटं खातंय."

रक्त कसं घेतलं एवढं तर विचारता येईल, असं ठरवून नोएलीनला वर बोलावलं. नोएलीन चोपन्न वर्षांची, रुंद बांध्याची, मोजकं बोलणारी बाई. नाव विचारायचं नव्हतं. अकरा नंबरचं रक्त घेताना काही चूक झाली होती का, एवढंच वेंडीने विचारलं. नोएलीन खाली गेली, वही पाहून पुन्हा वर आली आणि खुर्चीवर बसली.

"नीट घेतलं होतं," ती म्हणाली. "काही चुकलं नव्हतं." मग थोड्या वेळाने टेगनकडे पाहून तिने विचारलं, "किती खात्री आहे?"

"सहापैकी सहा वेळा."

नोएलीनने मान हलवली, पेलाभर पाणी मागून घेतलं आणि ते पिऊन निघून गेली.

आता दात्याला सांगायचं नाही आणि सांगितल्याशिवाय राहायचंही नाही, असा पेच होता. वेंडीने समितीला अर्ज धाडला, आणि तोवर एक तोड काढली. दुसऱ्या दिवशी साऱ्या इमारतीला ईमेल गेला: सप्टेंबर महिना आपण आतड्यांच्या आरोग्याचा महिना म्हणून पाळत आहोत. सर्वांनी, विशेषतः फेब्रुवारीत रक्तदान केलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांना भेटून कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासून घेण्याबद्दल, विचारावं. खाली एका हसऱ्या आतड्याचं चित्र होतं. ते कॉलिनने काढलं होतं.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. इमारतीतली निम्मी माणसं शास्त्रज्ञ होती आणि उरलेली त्यांच्याहून हुशार. आतड्याच्या कर्करोगावर काम करणारी मंडळी आपलं रक्त घेतात, सहा महिने गप्प बसतात आणि एके दिवशी एकाएकी आपल्या आतड्यांची चौकशी करू लागतात, याचा अर्थ लावायला चहाच्या खोलीला बारा मिनिटं लागली.

"आपल्यातला एक आहे," ब्रेट म्हणाला. "कोण ते वेंडीला माहीत नाही. टेगनला माहीत नाही. नोएलीनला माहीत आहे."

आणि तेव्हापासून सगळे नोएलीनचा चेहरा वाचू लागले.

लोक तिच्या खोलीवरून उगाच चकरा मारत. आत डोकावून "काय म्हणतेस, नोएलीन?" असं विचारत आणि उत्तर न ऐकता तिचे डोळे बघत. बुधवारी तिने ब्रेटसाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं. ब्रेट आत गेला नाही. तो जिन्याने खाली उतरला, घरी गेला, आणि विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते त्याने बायकोला सांगितलं. ही बातमी नोएलीनच्या कानावर आली तेव्हा तिने ठरवलं की आता कुणाशीच बरं वागायचं नाही. ती दारं तोंडावर सोडू लागली. "गुड मॉर्निंग"ला उत्तर देईनाशी झाली. तर लोक म्हणाले, बघा, तिला माझ्याकडे बघवत नाही.

"तू तरी सांग," एकदा ब्रेटने टेगनला गाठून विचारलं. "माझ्याशी बोलताना ती पांढरी पडते का?"

"ती सगळ्यांशीच बोलताना पांढरी पडते."

"सगळ्यांशी म्हणजे माझ्याशीही."

"म्हणजे माझ्याशीही, ब्रेट. मीही रक्त दिलंय."

हे बोलेपर्यंत टेगनने स्वतःबद्दल तसा विचार केला नव्हता. केला नव्हता असं ती समजत होती. त्या दिवशी प्रयोगशाळेत परतल्यावर शीतपेटीतल्या बारा नळ्या तिने काढून रांगेत लावल्या आणि बराच वेळ पाहत राहिली. सगळ्या सारख्याच होत्या. रक्ताचा वरचा पिवळसर पाण्यासारखा भाग, चमचाभर. यांतली एक आपली, एवढं तिला माहीत होतं. गेला दीड महिना आपण आपल्यालाच शिव्या घालत असू, आपल्यालाच 'खराब' लिहिणार होतो, असंही शक्य होतं. तिने संध्याकाळी डॉक्टरला फोन केला. वडिलांचं सांगितल्यावर तिला सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातली वेळ मिळाली: गुरुवार, सकाळी पावणेआठ.

बाकीच्यांना असे वडील नव्हते. त्यांनी दुसरा मार्ग धरला. शौचाला रक्त पडतं असं सांगितलं की वेळ लवकर मिळते, हे कुणीतरी शोधून काढलं, आणि एका आठवड्यात अख्ख्या इमारतीला रक्त पडू लागलं. गावात अशी तपासणी करणारी दोनच ठिकाणं. दोन्हीकडच्या सप्टेंबरच्या याद्या भरल्या, मग ऑक्टोबरच्या भरल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध पितात. ते काहींनी घरी न पिता कामावरच प्यायलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सभेत एकापाठोपाठ एक असे चार जण आपलं म्हणणं अर्धवट टाकून निघून गेले.

चहाच्या खोलीतल्या फ्रिजवर कागद लागला. तपासणी करून आलेला माणूस त्यावर आपलं नाव लिही आणि पुढे बरोबरची खूण करी. ब्रेटने खुणेशेजारी हसरा उंदीर काढला. एका सकाळी यादीच्या तळाशी, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात, कॉलिनचं नाव आढळलं.

"तू गेलास?" टेगनने विचारलं. "हवा खराब होती ना?"

"हवा खराबच होती," कॉलिन म्हणाला. "माझं आतडं चांगलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कागदावर दहा नावं झाली. दहा खुणा. बारातले दोन उरले. एक टेगन. दुसरा कोण ते कुणाला आठवेना. असेल एखादा विद्यार्थी, केक खाऊन मेलबर्नला परत गेलेला. न दिसणाऱ्या विद्यार्थ्याची काळजी करणं अवघड असतं. समोर दिसणाऱ्या टेगनची सोपी होती.

लोक तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले. ब्रेटने तिच्यासाठी लिफ्टचं दार धरलं. वेंडीने तिला "दमली असशील, लवकर जा" म्हटलं, आणि वेंडीला चार वर्षांत कुणी हे शब्द उच्चारताना ऐकलं नव्हतं. पण टेगन खरी घाबरली ती मंगळवारी. कॉलिन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "सकाळी घाई होत असेल तर इथे आणून खा टोस्ट. कोपऱ्यात बसून. माझी हरकत नाही."

ती प्रसाधनगृहात जाऊन दार लावून रडली. बाहेर आली तेव्हा हात धुवायच्या जागेपाशी नोएलीन उभी होती. महिनाभर सगळ्यांवर खेकसणाऱ्या त्या बाईने टेगनच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलताच गेली.

झालं, टेगनला वाटलं. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार.

बुधवारी तिने सुट्टी घेतली. तिचं घर एका खोलीचं होतं, खिडकीतून डोंगराचा बर्फ दिसायचा. दुपारी तीनला तिने औषधाची पहिली पुडी लिटरभर पाण्यात कालवली. समुद्राच्या पाण्यात कुणीतरी लिंबू पिळून विसरून गेलंय, अशी चव होती. दर पंधरा मिनिटांनी एक पेला. ती खिडकीशी उभी राहून पीत होती आणि बाबांनीही हेच प्यायलं असेल, तेव्हा ते काय बोलले होते, हे आठवायचा प्रयत्न करत होती. तिला फक्त एवढंच आठवलं की त्यांनी पेला वर करून "तुमच्या आरोग्यासाठी" म्हटलं होतं आणि आई हसली नव्हती.

चार वाजता दाराची घंटा वाजली. बाहेर नोएलीन होती. हातात कापडी पिशवी.

"आत येऊ?"

टेगन बाजूला झाली. नोएलीन आत आली, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

"उद्याची वेळ किती वाजताची आहे तुझी?"

"पावणेआठ." टेगनने दार लावून घेतलं. "नोएलीन, सांगू नकोस. उद्या कळेलच मला. तू सही केलीयस. तुझी नोकरी जाईल."

"ऐकून घे."

"मला माहीत आहे तू काय सांगणार आहेस."

"तुला माहीत नाही," नोएलीन म्हणाली. "ती वेळ मला देशील का?"

टेगनला वाक्य कळलं, पण अर्थ कळला नाही. मग नोएलीनने पिशवी उघडून बाटली बाहेर काढली. तेच औषध. अर्धी बाटली संपली होती.

"मी कालपासून पाण्यावर आहे," नोएलीन म्हणाली.

"अकरा नंबर तू आहेस?"

"अकरावा मुलगा सुई बघून आडवा झाला. नळीवर नंबर घालून ठेवला होता. मग मीच बाही वर केली." तिने पिशवी पायाशी ठेवली. "लॅमिंग्टनही एक उरलं होतं."

"महिना झाला तुला कळून."

"चार आठवडे आणि दोन दिवस."

"आणि तू बोलली नाहीस?"

"कुणाशी बोलू? जो येतो तो विचारतो, मी आहे का, मी आहे का. तू आहेस का, असं कुणी विचारलं नाही, टेगन. एकानेही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते नियमात बसतं. मी पाहिलं."

टेगनने खाली बसून घेतलं. "डॉक्टरकडे तरी जायचंस."

"गेले ना. दुसऱ्याच दिवशी. तो म्हणाला, त्रास काय होतो? म्हटलं, काही नाही. रक्त पडतं? नाही. त्याने घरी करायची तपासणी दिली, ती केली, तीही स्वच्छ आली. मग म्हणाला, तुला वाटतं तरी कशावरून? म्हटलं, एका नळीवरून. त्याने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एप्रिलची तारीख."

"एप्रिल?"

"त्रास नाही त्यांना शेवटी घेतात. लवकरच्या सगळ्या आपल्याच लोकांनी घेतल्यात."

"तूही सांगायचंस ना रक्त पडतं म्हणून. ब्रेटने सांगितलं. कॉलिननेसुद्धा सांगितलं असणार."

"पडत नव्हतं," नोएलीन म्हणाली. "तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, डॉक्टरशी खोटं बोलू नका." तिने बाटलीचं झाकण फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. "दवाखान्यातली बाई म्हणाली, आयत्या वेळी कुणी गळालं तर जागा मिळते. पण आयत्या वेळी ज्याचं पोट साफ असेल त्यालाच. असा कोण बसलाय साफ पोटाने? तर म्हटलं, मीच बसते. आणि मला माहीत असलेलं एकच माणूस उद्या जाणार होतं. काल विचारणार होते. तोंड उघडेना."

टेगनच्या मनात आधी सुटका आली. ती इतकी मोठी होती की तिला हसू फुटेल असं वाटलं. तिच्यामागून लाज आली. आणि लाजेला नीट बसायला जागा मिळते न मिळते तोच पोटात कळ आली आणि टेगन शौचालयाकडे धावली.

आत बसून तिने हिशेब मांडला. आपली वेळ सोडली तर पुढची नोव्हेंबरच्या शेवटी. आपण अकरा नाही. पण बाबा कुठल्याच नंबरचे नव्हते. आजवर डॉक्टर म्हणत आला होता, पंचवीस झाली की बघून घे, आणि ती वर्षभर टाळत आली होती. भीती वाटली म्हणून एकदाची तारीख घेतली, लिटरभर औषध पोटात ढकललं, आणि आता.

दारावर टकटक झाली.

"टेगन," बाहेरून नोएलीनचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या शांत स्वरात. "तू हवा तो निर्णय घे. पण लवकर बाहेर ये. मीही अर्धी बाटली प्यायलेय."

त्या घरात शौचालय एकच होतं. पुढचे चार तास दोघींनी एका अलिखित करारावर काढले. दोघींपैकी कुणीही लांबलचक वाक्य सुरू करत नव्हती. निर्णय असा काही झालाच नाही, संध्याकाळी कधीतरी टेगन आपल्या उरलेल्या दोन पुड्या नोएलीनपुढे ठेवून म्हणाली, "तुझं औषध कमी पडेल. पावणेआठला पोचायचं तर सातला निघू."

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या खिडकीपाशी टेगन पुढे झाली. "माझी पावणेआठची वेळ आहे. मी रद्द करतेय. मी नाश्ता केला."

खिडकीतली बाई तिच्याकडे पाहतच राहिली. "नाश्ता?"

"टोस्ट."

"आम्ही कागदावर तीन ठिकाणी लिहून देतो. ठळक अक्षरात."

"विसरले."

"माझं पोट साफ आहे," मागून नोएलीन म्हणाली. "माझ्याकडे डॉक्टरची चिठ्ठी आहे. तारीख एप्रिलची."

बाईने एकदा एकीकडे, एकदा दुसरीकडे पाहिलं. दोघींचे चेहरे सारखेच उतरलेले होते. "तुम्ही ओळखता एकमेकींना?"

"नाही," टेगन म्हणाली.

"अलीकडे बरंच," नोएलीन म्हणाली.

बाईने उसासा टाकला आणि नाव खोडून दुसरं लिहिलं.

नोएलीनच्या पोटात उजव्या बाजूला, आतड्याच्या घडीमागे, सुपारीएवढी गाठ होती. रक्त न सांडता, दुखल्याखुपल्याशिवाय, निवांत वाढत असलेली. तीन आठवड्यांनी ती आतड्याच्या तुकड्यासकट काढली. शल्यविशारद म्हणाला, बाहेर कुठे पसरलेली नाही, एप्रिलपर्यंत थांबली असती तर हे वाक्य मी बोललो नसतो. हे ऐकून कॉलिन प्रयोगशाळेत गेला, नोंदवही काढली, आणि 'नमुना क्रमांक अकरा' या अर्धवट ओळीपुढे आपल्या पक्क्या अक्षरात 'उत्तम' असं लिहिलं. मग थोडा विचार करून त्याने वातानुकूलन चालू केलं.

त्याच आठवड्यात नैतिकता समितीचं पत्र आलं. क्रमांक अकराच्या दात्याला कळवावं की नाही यावर समितीने दीड तास चर्चा केली होती. दात्याच्या मनावर नाहक ताण येण्याची शक्यता लक्षात घेता, अधिक माहिती मागवून विषय डिसेंबरच्या बैठकीत पुन्हा घ्यावा, असं ठरलं होतं. वेंडीने ते पत्र चहाच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. ब्रेट उठून फ्रिजवरचा कागद काढायला गेला.

शनिवारी टेगन इस्पितळात गेली. नोएलीन उशीला टेकून बसली होती, हाताला सलाइन, मांडीवर न खाल्लेली जेली.

"तुझा नंबर सांगू?" नोएलीनने विचारलं.

"नियमात बसत नाही."

"नियमात बसत राहिले असते तर आज इथे नसते. चार. तू चार नंबर आहेस. सहाच्या सहा वेळा रेघ आडवी. पाचदा तूच काढलीस ती."

टेगनने चार नंबरची रेघ डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. इतर दहांसारखीच होती. तिने तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

"तेव्हा ती नोव्हेंबरची वेळ सोडून दे," नोएलीन म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. पुन्हा ते औषध पिण्यात काय अर्थ आहे?"

टेगनने न खाल्लेली जेली उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "नाही सोडत."

"का? तुझा तुझ्याच टेस्टवर विश्वास नाही?"

"आहे ना," टेगन म्हणाली. "रोग असलेल्या दहा जणांतले सहा ती पकडते. म्हणून तेवढा आहे. दहात सहा."

नोएलीनला हसू आलं, आणि हसल्यावर टाके ओढले गेले तशी तिने उशी पोटाशी घट्ट धरली. मग नोएलीनने मोकळ्या हाताने टेबलावरची डायरी ओढून घेतली.

"तारीख सांग," ती म्हणाली. "तपासणीनंतर एकटीला घरी सोडत नाहीत ते."